यंत्र आणि संसार : दुसऱ्या बॅटरीचे पोट

कुलदेवतेचे दर्शन, कोकणातले लग्नकार्य, नाहीतर मुलांच्या सुट्टीतला आठ-दहा दिवसांचा प्रवास, यांसाठी इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे किंवा हैदराबाद येथून महाराष्ट्रात जाणारी आपली कुटुंबे पूर्वी आगगाडीच्या वेळापत्रकावर सारा बेत आखीत. आता पुष्कळ घरी मोठी मोटार आहे, आणि तीन पिढ्या एकाच गाडीत बसून निघतात. गाडीबरोबर घरही निघते. आजोबांच्या इन्सुलिनच्या कुप्या ठेवण्यासाठी छोटा फ्रीज, घोरण्याच्या विकारासाठी रात्री नाकाला लावायचे श्वासयंत्र, चार-पाच मोबाइल, एखादा दिवा, एखादा पंखा. हे सारे गाडी उभी असतानाही चालले पाहिजे, आणि सकाळी गाडीने पहिल्याच प्रयत्नात सेल्फही घेतला पाहिजे.

या दोन अपेक्षा एकाच बॅटरीवर लादल्या की केव्हातरी धर्मशाळेच्या अंगणात पहाटे गाडी ढकलण्याची पाळी येते. आजच्या कित्येक गाड्या तर ढकलूनही सुरू होत नाहीत. म्हणून दुसरी बॅटरी बसवावी, म्हणजे घरखर्चाची थैली वेगळी आणि अडीनडीची वेगळी, हा विचार योग्यच आहे. प्रश्न एवढाच की या दुसऱ्या बॅटरीचे पोट भरायचे कोणी आणि कसे? दहा-पंधरा वर्षांपूर्वी या प्रश्नाचे उत्तर सोपे होते. आता ते तसे राहिलेले नाही, आणि बाजारातले बरेच कारागीर मात्र जुनेच उत्तर देत आहेत. त्याची किंमत ग्राहक मोजतो. म्हणून आज या विषयाचा थोडा खोलात जाऊन विचार करू.

आधी गरजेचा हिशेब मांडू. बारा व्होल्टवर चालणारा लहान फ्रीज चालू असताना सुमारे ४ अँपिअर प्रवाह घेतो. तो सतत चालत नाही. बेताच्या हवेत एक तृतीयांश वेळ आणि उन्हाळ्यात निम्मा वेळ चालतो असे धरले, तर दिवसाला ३२ ते ४८ अँपिअर-तास लागतात. श्वासयंत्राचा बाष्प तयार करणारा तापक बंद ठेवला, तर ते ३० ते ४० वॅट घेते. म्हणजे आठ तासांच्या झोपेला २० ते २७ अँपिअर-तास. दिवे आणि मोबाइल यांचे पाच धरा. एकूण बेरीज दिवसाला साधारण ६० ते ८० अँपिअर-तास होते. बहुतेक घरगुती मोटारींची मूळ बॅटरीच मुळी एवढ्या क्षमतेची किंवा त्याहून लहान असते.

शिवाय मूळ बॅटरीचा स्वभावही या कामाचा नाही. शिसे आणि गंधकाम्ल यांवर चालणारा, पुन्हा पुन्हा भरता येणारा घट फ्रान्समध्ये गॅस्तों प्लांते यांनी १८५९ साली तयार केला. मोटारीची नेहमीची बॅटरी ही त्याचीच वंशज. सेल्फसाठीच्या बॅटरीत पातळ आणि पुष्कळ पत्रे असतात. ती दोन-तीन सेकंद शेकडो अँपिअर देते आणि लगेच पुन्हा भरली जाते. हळूहळू रिकामी होण्याची तिला सवय नसते. उलट घरगुती कामाच्या बॅटरीचे पत्रे जाड असतात आणि ती तासन् तास थोडाथोडा प्रवाह देऊ शकते. तरीही शिशाची कोणतीही बॅटरी निम्म्याहून अधिक रिकामी करू नये, आणि रिकामी झाल्यावर तशीच ठेवू नये. तसे केल्यास पत्र्यांवर साचलेल्या शिसे-सल्फेटाचे कठीण स्फटिक बनतात आणि बॅटरीची धारणशक्ती कायमची घटते.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. स्वस्थ बसलेल्या पूर्ण भरलेल्या बॅटरीचा दाब १२.७ व्होल्टच्या आसपास असतो, अर्ध्या बॅटरीचा सुमारे १२.२. परंतु बॅटरी भरायची असेल, तर तिला याहून बराच वरचा दाब द्यावा लागतो. शिशाच्या बॅटरीसाठी तो सुमारे १४.४ व्होल्ट असतो. वरच्या हंड्यातून खालच्या घागरीत पाणी यावे, तसेच हे आहे. हंडा पुरेसा उंच नसेल, तर घागर कधीच काठोकाठ भरत नाही.

आता जुनी व्यवस्था पाहू. अँबॅसॅडर आणि फियाटच्या आरंभीच्या काळात इंजिनाला पट्ट्याने जोडलेला डायनॅमो असे. पुढे त्याची जागा आल्टरनेटरने घेतली. आल्टरनेटरच्या फिरत्या भागात एक विद्युत्‌चुंबक असतो. त्या चुंबकाला किती प्रवाह द्यायचा, यावर बाहेर किती वीज येणार हे ठरते, आणि ते ठरविण्याचे काम रेग्युलेटर करतो. जुन्या रेग्युलेटरचे एकच व्रत होते: इंजिन चालू असेतोवर दाब १४ व्होल्टच्या जरा वर ठेवायचा. त्यामुळे दुसरी बॅटरी भरण्यासाठी एक साधा रिले पुरे. इंजिन सुरू झाले आणि दाब १३.३ व्होल्टच्या वर गेला की रिले दोन्ही बॅटऱ्या एकत्र जोडी. इंजिन थांबले आणि दाब १२.८ च्या खाली आला की त्यांना वेगळे करी. रात्री फ्रीजने दुसरी बॅटरी कितीही उपसली, तरी पहिली शाबूत राही. ही स्वस्त आणि प्रामाणिक युक्ती होती, आणि जुन्या गाड्यांत आजही ती चांगली चालते.

मग बदल कशामुळे झाला? आल्टरनेटर फुकट वीज देत नाही. तो इंजिनाची शक्ती खातो, आणि ती शक्ती इंधनातून येते. एक किलोवॅट वीज काढायला इंजिनाला दीड किलोवॅट किंवा त्याहूनही अधिक ओझे उचलावे लागते. मोटारींतून बाहेर पडणाऱ्या कर्बवायूवर सरकारांनी मर्यादा घालायला आरंभ केला, तेव्हा कारखानदारांनी या ओझ्याकडे नजर वळविली. युरोपात हे आधी घडले. आपल्याकडे उत्पादकाच्या एकूण गाड्यांच्या सरासरीवर २०१७-१८ पासून किलोमीटरमागे १३० ग्रॅमची आणि २०२२-२३ पासून ११३ ग्रॅमची मर्यादा आली. त्याच सुमारास, १ एप्रिल २०२० पासून, भारत स्टेज सहाचे नियमही लागू झाले. एकेका ग्रॅमचा हिशेब सुरू झाला, आणि आल्टरनेटरलाही काटकसर शिकविण्यात आली. हाच तो 'स्मार्ट' आल्टरनेटर. आपण त्याला काटकसरी म्हणू.

काटकसरी आल्टरनेटरचा रेग्युलेटर स्वतः निर्णय घेत नाही. तो इंजिनाच्या संगणकाची आज्ञा पाळतो. बॅटरीच्या ऋण टोकावर एक लहानसा संवेदक बसविलेला असतो. किती प्रवाह आत गेला, किती बाहेर आला, बॅटरी किती तापली आहे, याची नोंद तो ठेवतो. गाडी वेग घेत असेल किंवा घाट चढत असेल, तर संगणक आल्टरनेटरला जवळजवळ विश्रांती देतो, दाब १२.५ व्होल्टच्या आसपास, कधी त्याखालीही उतरतो, आणि गाडीची वीज बॅटरीतून जाते. चालकाने पाय उचलला, गाडी उतारावर आली, की संगणक आल्टरनेटरला जोर लावायला सांगतो आणि दाब १५ व्होल्टपर्यंत चढतो. एरवी ब्रेकच्या उष्णतेत वाया जाणारी शक्ती अशी बॅटरीत जमा होते. ही जमा करायला जागा हवी, म्हणून मूळ बॅटरी मुद्दाम पूर्ण भरतच नाहीत. ती ८० टक्क्यांच्या आसपास ठेवतात. गाडीच्या दृष्टीने ही व्यवस्था उत्तम आहे. तिच्या विचारात दुसरी बॅटरी मात्र कुठेच नाही.

अशा गाडीत जुना रिले बसविला तर काय होते पाहा. सपाट रस्त्यावर दाब १२.६ वर उतरला की रिलेला वाटते, इंजिन बंद झाले. तो दुसरी बॅटरी तोडतो. उतारावर दाब चढला की पुन्हा जोडतो. दिवसभर असा खेळ चालतो, आणि सहा तासांच्या प्रवासात प्रत्यक्ष भरणा तासाभराचाही होत नाही. काही कारागीर यावर तोड म्हणून रिले इग्निशनच्या वायरला जोडून देतात, म्हणजे किल्ली चालू असेपर्यंत तो जोडलेलाच राहतो. मग निराळाच प्रकार घडतो. पहिल्या बॅटरीचा दाब दुसरीपेक्षा खाली गेला की वीज दुसरीतून पहिलीकडे वाहू लागते. भरायला ठेवलेली घागर उलट हंड्यात रिकामी होते! आणि जेल प्रकारच्या बॅटरीला वारंवार १५ व्होल्ट मिळाले, तर तिची हानी होते ती वेगळीच.

आमच्या परिचयातील एका कुटुंबाने नव्या गाडीत अशीच रिलेची जोडणी करून घेतली. आठ महिन्यांत दुसरी बॅटरी निकामी झाली. दुकानदाराने हमीप्रमाणे नवी दिली. तीही वर्ष पुरे करू शकली नाही. दोन्ही वेळा दोष बॅटरीच्या माथी मारला गेला. बॅटरी निर्दोष होती. तिला कधी पोटभर मिळालेच नव्हते. या घरात इन्सुलिन घेणाऱ्या आजी होत्या, आणि फ्रीज मध्यरात्री बंद पडल्याचे सकाळी कळले. नव्या कुप्या मिळाल्या म्हणून निभावले. अशी गोष्ट निव्वळ पैशांच्या नुकसानीत मोजता येत नाही.

यावरचा खरा उपाय म्हणजे डीसी-डीसी चार्जर. काही जण त्याला बॅटरी-टू-बॅटरी चार्जर म्हणतात. हे यंत्र दोन बॅटऱ्यांच्या मध्ये बसते आणि त्यांना कधीच थेट एकत्र येऊ देत नाही. पहिल्या बाजूने १२ व्होल्ट येवोत की १५, ते दुसऱ्या बाजूला बॅटरीला हवा तोच दाब तयार करून देते. आधी ठरावीक प्रवाहाने झपाट्याने भरणा, नंतर १४.४ व्होल्टच्या आसपास दाब स्थिर ठेवून उरलेली जागा सावकाश भरणे, आणि शेवटी दाब १३.५ ते १३.८ पर्यंत खाली आणून नुसती राखण, अशा तीन पायऱ्यांनी ते काम करते. बॅटरी कोणत्या जातीची आहे, ते मात्र त्याला बसविताना सांगावे लागते; त्यासाठी यंत्रावर खटके असतात किंवा मोबाइलमधून निवड करता येते.

दुसरी बॅटरी लिथियमची असेल, तर हे यंत्र अपरिहार्यच समजावे. गाड्यांत घरगुती कामासाठी वापरली जाणारी लिथियम बॅटरी बहुधा लोह-फॉस्फेट जातीची असते. पाढी, नंजुंदस्वामी आणि गुडइनफ यांनी १९९७ साली या पदार्थाविषयी लिहिले, आणि त्यांपैकी जॉन गुडइनफ यांना लिथियम बॅटरीवरील कार्याबद्दल २०१९ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. ही बॅटरी वजनाला हलकी, आणि तिची ८० टक्के क्षमता बिनधास्त वापरता येते. परंतु तिचा अंतर्गत रोध फार कमी असतो. साध्या रिलेने जोडली तर ती अधाशासारखी मिळेल तेवढा प्रवाह ओढते. गाडी रहदारीत उभी असताना, पंख्याची हवा कमी असताना, हा भार आल्टरनेटरला भाजून काढू शकतो. चार्जर तिच्या हातात मोजकाच घास देतो. शून्य अंश सेल्सियसखाली ही बॅटरी भरू नये, हेही हिमालयाकडे जाणाऱ्यांनी लक्षात असू द्यावे.

चार्जर केवढा घ्यावा? मोठा तो चांगला, असे येथे नाही. ३० अँपिअरचा चार्जर १४.४ व्होल्टवर ४३२ वॅट देतो. कार्यक्षमता ९० टक्के धरली, तर तो ४८० वॅट घेतो. म्हणजे पहिल्या बॅटरीच्या बाजूने ३८ ते ४० अँपिअर. गाडीचे दिवे, वातानुकूलनाचा पंखा, वायपर आणि इंजिन यांची गरज भागवून आल्टरनेटरकडे एवढे उरते का, हे आधी पाहावे. बहुतेक कुटुंबांना २० ते ३० अँपिअरचा चार्जर पुरतो. रात्री ६० अँपिअर-तास खर्च झाले असतील, तर ३० अँपिअरच्या चार्जरने लिथियम बॅटरी दोन-अडीच तासांच्या प्रवासात भरून निघते. शिशाच्या बॅटरीचा शेवटचा पाचवा हिस्सा फार सावकाश भरतो, म्हणून तिला पूर्ण भरायला सहा ते आठ तास लागतात. रोज तासभरच गाडी हाकणाऱ्याने शिशाची बॅटरी घेतली, तर तिला महिन्यातून दोन-तीनदा तरी घरच्या विजेवर पूर्ण भरावे.

आता जोडणीविषयी. चुका येथेच होतात, आणि आगीही येथेच लागतात.

तार जाड हवी. चार्जर मागे डिकीत आहे, तार ५ मीटर आहे आणि परतीचा मार्गही तितकाच तांब्याचा आहे असे धरू. ४० अँपिअर प्रवाहाला १६ चौरस मिलिमीटरच्या तारेत सुमारे ०.४४ व्होल्टची घट होते. ६ चौरस मिलिमीटरची तार वापरली, तर घट जवळजवळ १.२ व्होल्ट होते, आणि तारेतच ४७ वॅट उष्णता तयार होते. गालिच्याखाली दडविलेल्या तारेत एवढी उष्णता कोणालाही नको असावी.

फ्यूज दोन्ही टोकांना हवा, आणि बॅटरीच्या शक्य तितका जवळ. कारण या तारेच्या दोन्ही अंगांना बॅटरी आहे. मध्येच तार घासून पत्र्याला टेकली, तर दोन्हीकडून शेकडो अँपिअर धावून येतात. एका टोकाचा फ्यूज निम्मेच रक्षण करतो. फ्यूज किती अँपिअरचा असावा, ते चार्जरच्या पुस्तिकेत दिलेले असते. अंदाजाने घालू नये. तार पत्र्यातून जेथे आरपार जाते, तेथे रबरी कडी अवश्य घालावी.

चार्जरची ऋण तार पहिल्या बॅटरीच्या ऋण टोकावर बसवू नये. गाडीच्या सांगाड्यावरील अर्थच्या जागी बसवावी. मघाशी सांगितलेला संवेदक त्या टोकावर बसलेला असतो. त्याला वगळून वीज काढली, तर संगणकाची जमाखर्चाची वही चुकते, आणि मूळ बॅटरी किती भरली आहे याबद्दल त्याचा गैरसमज होतो.

चौथी गोष्ट इग्निशनच्या वायरची. इंजिन चालू आहे की बंद, हे चार्जरला कळायला हवे. जुन्या गाडीत ते नुसत्या दाबावरून कळे. काटकसरी आल्टरनेटरच्या गाडीत १२.५ व्होल्टवरही इंजिन चालू असू शकते. म्हणून किल्लीबरोबर चालू होणाऱ्या वायरचा संकेत चार्जरला द्यावा. तो देण्याची सोय चार्जरमध्ये आहे ना, हे विकत घेतानाच विचारावे. आणखी एक सूचना: शिशाची पातळ आम्लाची बॅटरी भरताना हायड्रोजन वायू सोडते. ती माणसे झोपतात त्या जागी ठेवू नये. तिला हवा खेळती हवी, आणि घट्ट पट्ट्याने बांधलेली हवी.

आपल्या गाडीचा आल्टरनेटर काटकसरी आहे की नाही, हे कसे ओळखावे? २०२० नंतरच्या प्रत्येक गाडीत तो असतोच असे नाही, आणि त्याआधीच्या काही गाड्यांतही तो आहे. सिगारेट लायटरच्या खाचेत बसणारा लहान व्होल्टमीटर मिळतो. तो लावून गाडी सुरू करावी. आरंभी १४ च्या वर आकडा दिसेल. तेवढ्यावर निष्कर्ष काढू नये. वीस-पंचवीस मिनिटे गाडी चालवावी, आणि शेजारी बसलेल्याने आकडे पाहावेत. चालकाने पाहू नयेत. वेग घेताना आकडा १३ च्या खाली येत असेल आणि उतारावर १४.५ च्या वर चढत असेल, तर आल्टरनेटर काटकसरी आहे. सतत १४ च्या आसपास राहिला, तर बहुधा जुन्या वळणाचा. खात्रीसाठी उत्पादकाच्या सेवाकेंद्रात विचारावे. काही गाड्यांत कारखान्यातूनच दोन बॅटऱ्या येतात. मारुती सुझुकीच्या २०१८ पासूनच्या सियाझ आणि अर्टिगा या संकरित गाड्यांत शिशाच्या बॅटरीजोडीला लहान लिथियम बॅटरी दिली होती. ती गाडीच्या स्वतःच्या कामासाठी आहे. तिला फ्रीज जोडण्याचा मोह धरू नये.

गाडी हमीच्या मुदतीत असेल, तर काम करण्यापूर्वी सेवाकेंद्राचे म्हणणे लेखी घ्यावे, आणि विमा कंपनीलाही बदल कळवावा. विजेच्या जोडणीतून आग लागली, तर पहिला प्रश्न ही जोडणी कोणी केली हाच असतो.

हा सारा खर्च प्रत्येक घराने करावा, असे आमचे म्हणणे नाही. वर्षातून एकदा दोन दिवसांचा प्रवास असेल, तर दुसऱ्या बॅटरीची गरज नाही. फ्रीज इंजिन चालू असतानाच चालवावा आणि मुक्कामी तो घरातल्या विजेवर लावावा. किंवा घरीच भरून नेता येईल अशी हातात धरण्याजोगी विद्युतपेटी घ्यावी. तिला गाडीच्या वायरिंगला हात लावावा लागत नाही. महिन्या-दोन महिन्यांनी लांबचा प्रवास घडतो, मुक्काम उघड्यावर किंवा वीज बेभरवशाची अशा ठिकाणी असतो, आणि बरोबर औषधावर अवलंबून असलेले माणूस असते, अशा कुटुंबांनी मात्र ही व्यवस्था नीट करून घ्यावी, नाहीतर मुळीच करू नये. अर्धवट जोडणी खोटा भरवसा देते, आणि तो अंधारात उघडा पडतो.

आणि ज्या घरात इन्सुलिन आहे, त्यांना शेवटचे सांगणे. न उघडलेल्या कुप्यांना २ ते ८ अंश सेल्सियस तापमान लागते. वापरात असलेली कुपी वेष्टनावर लिहिल्याप्रमाणे २५ किंवा ३० अंशांखाली साधारण चार आठवडे चालते; पण उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीत पारा याच्या कितीतरी वर जातो. बॅटरी कितीही चांगली असली, तरी फ्रीजमध्ये एक तापमापक ठेवावा, आणि एखादी जादा कुपी बर्फाच्या थैलीत, पण बर्फाला थेट लागणार नाही अशी, निराळी बाळगावी. गोठलेले इन्सुलिन टाकून द्यावे लागते.

गाडीच्या छतावर सोलर पॅनेल बसवून हीच बॅटरी भरता येईल का, असा प्रश्न काहींच्या मनात आला असेल. त्याचा विचार पुढील अंकी करू.